हाताने बनवलेल्या वस्तऱ्याचं पातं पाणी देताना दर वेळी वाकतं : कारण कसं शोधायचं, बाक कसा काढायचा

आधी लक्षण सांगते, म्हणजे तुमचा त्रास आणि माझा त्रास एकच आहे का ते कळेल.

पातं घडवून झालं, पाणी देऊन (म्हणजे लाल तापवून तेलात बुडवून कडक करून) झालं, टेंपर (ठिसूळपणा कमी करायला पुन्हा मंद तापवणं) झालं, दोन्ही बाजूंनी पोकळ घासूनही (पाठ आणि धार यांच्यामधला भाग खोलगट करूनही) झालं. हातात धरलं की सरळ दिसतं. मग ते पहिल्यांदा निसण्यावर येतं. एका बाजूने घासलं की टोकाकडची आणि टाचेकडची, म्हणजे मुठीच्या बाजूची, धार चमकायला लागते, मधला बोटभर भाग मात्र होता तसाच मंद राहतो. पातं उलटं केलं की नेमकं उलट होतं, मधे चकाकणारा पट्टा आणि दोन्ही कडा कोरड्या. तास गेला, दोन तास गेले तरी चित्र बदलत नाही. जोर लावून तो भाग दगडाला टेकवलाच, तर टोकाकडे धारेचा उतार रुंद होत जातो आणि वस्तऱ्याचा आकारच बिघडतो.

माझे सलग तीन वस्तरे असे गेले. तिन्ही एकाच बाजूला वाकलेले होते. धार खाली आणि टोक समोर धरून पाठीवरून नजर टाकली की प्रत्येकाचं टोक डावीकडे कललेलं. पहिल्या वेळी मी तेलाला दोष दिला, दुसऱ्या वेळी पोलादाला. तिसऱ्या वेळी शहाणपण सुचलं की तीनही वेळा एकाच दिशेला होणारी गोष्ट योगायोग नसते, तिचं कारण माझ्याच हातात किंवा माझ्याच भट्टीत असणार.

चाकूला चालतं ते वस्तऱ्याला का चालत नाही

चाकूला धार लावताना कोन आपला हात ठरवतो. पात्यात थोडा बाक असला तर मनगट तो सांभाळून घेतं, वापरणाऱ्याला पत्ताही लागत नाही. वस्तऱ्याचं तसं नाही. वस्तरा दगडावर आडवा झोपतो. पाठ आणि धार एकाच वेळी दगडाला टेकतात, आणि धारेचा कोन पाठीची जाडी व पात्याची रुंदी मिळून ठरवतात. रुंदी २० मि.मी. आणि पाठ ५.५ मि.मी. असेल तर दोन्ही बाजू मिळून कोन साधारण १६ अंश येतो. हा कोन धरला की धारेपासून १ मि.मी. आत पोलादाची एकूण जाडी फक्त ०.२८ मि.मी. भरते. आता समजा पातं मधे ०.२ मि.मी. उचललेलं आहे. ते नुसतं घासून दगडाला टेकवायचं तर दोन्ही टोकांकडून ०.२ मि.मी. पोलाद काढावं लागेल. म्हणजे त्या टोकांची धार जवळजवळ संपलीच. दोन कागदांच्या जाडीएवढा बाक, पण वस्तऱ्याला तेवढा जीवघेणा ठरतो.

म्हणून हा दोष शेवटी दगडावर सुधारायचा नसतो. दगड तो फक्त दाखवतो. दुरुस्ती त्याच्या बरीच आधी करावी लागते.

तरी आधी एवढं तपासा

बाक आहे असं ठरवण्याआधी दगड सपाट आहे का ते बघा. त्यावर पेन्सिलने चौकटी आखा आणि सपाट हिरा-प्लेटवर किंवा जाड काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर हलकेच फिरवा. मधल्या रेषा राहिल्या आणि कडेच्या गेल्या तर दगडच मधे खोल आहे. मी एकदा अर्धा दिवस याच चुकीत घालवला.

मग काळ्या मार्करने धारेचा उतार दोन्ही बाजूंनी रंगवा. दगडावर पाणी टाका, वजन अजिबात न देता एकच हात फिरवा आणि शाई कुठे गेली ते भिंगातून बघा. एका बाजूने मधे शाई राहते आणि दुसऱ्या बाजूने कडांना राहते, तेव्हा तो बाक. एका बाजूने टोक टेकतं पण टाच नाही, आणि उलटल्यावर टाच टेकते पण टोक नाही, तेव्हा तो पीळ; तो काढणं बाकापेक्षा कठीण. दोन्ही बाजूंनी एकाच जागी शाई राहत असेल तर पातं वाकलेलं नाही, धारेची रेषाच तिथे आत गेली आहे. त्यासाठी पुढचं काहीही करायची गरज नाही, धार सरळ रेषेत आणा आणि पुन्हा सुरुवात करा.

ठिपक्याची परीक्षा

मला सगळ्यात जास्त उपयोग झाला तो या साध्या गोष्टीचा. पातं आकारात कापलं की देठावर, म्हणजे बोटांनी धरायच्या जाड भागावर, एका बाजूला पंचने छोटा ठिपका मारायचा. तो भट्टीत पुसला जात नाही. आता पुढचं पातं भट्टीत ठेवताना ठिपका नेहमीच्या उलट्या बाजूला ठेवायचा, बाकी सगळं तसंच. बाक आला तर बघायचं की तो ठिपक्याबरोबर फिरला की जागेवर राहिला.

बाक भट्टीच्या संदर्भात त्याच दिशेला राहिला, म्हणजे पातं उलटं ठेवूनही ज्वालेकडे किंवा ज्वालेपासून दूरच वाकलं, तर दोष उष्णतेत किंवा तेलात शिरण्याच्या पद्धतीत आहे. बाक ठिपक्याबरोबर फिरला तर दोष पात्यात आधीपासून होता.

माझ्या चौथ्या पात्याचा बाक ठिपक्याबरोबर फिरला. भट्टी निर्दोष होती. मग मी ते तीन जुने वस्तरे आणि हे चौथं पातं कॅलिपर घेऊन मोजायला बसले. प्रत्येक पात्यात धारेची रेषा पाठीच्या मध्यरेषेवर नव्हती, ०.३ मि.मी. बाजूला सरकलेली होती. मी उजव्या हाताची आहे. ग्राइंडरवर एक बाजू घासताना उजवा हात पातं दाबतो, दुसरी बाजू घासताना डावा, आणि डावा कमी दाबतो. दर वेळी एक बाजू थोडी जास्त घासली जायची. डोळ्याला न दिसणारा तो फरक भट्टीतून तेलात गेला की उघडा पडायचा.

त्याचं कारण पोलादाच्या आत आहे. लाल पातं तेलात गेलं की ते आधी थंड होऊन आकसतं. मग साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास त्याचं मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कडक रचना, व्हायला लागतं आणि ते उलट फुगतं, कारण मार्टेन्साइटला आधीच्या रचनेपेक्षा जास्त जागा लागते. पातळ बाजू आधी आकसते, आधी फुगते. जाड बाजू मागून येते आणि आधीच कडक झालेल्या बाजूला ओढते किंवा ढकलते. दोन उलट्या क्रिया एकामागोमाग होतात, म्हणून पातळ बाजूकडे वाकेल की जाड बाजूकडे, याचा ठोकताळा पाठ करू नका. ठिपका आणि वही, त्यावर विश्वास ठेवा.

मध्यरेषा

पाणी देण्याआधी धारेची जागा आखून घ्या. मी पूर्वी अंदाजाने घासायचे. आता तसं करत नाही.

पोलादाची पट्टी ६ मि.मी. जाडीची असेल तर ६ मि.मी.चाच ड्रिल बिट घ्या. पात्याची धारेकडची कड मार्करने काळी करा. पातं आणि बिट दोन्ही सपाट काचेवर आडवे ठेवा आणि बिटच्या टोकाने त्या काळ्या कडेवर एक रेघ ओढा. बिटचं टोक त्याच्या जाडीच्या बरोबर मध्यावर असतं, म्हणून रेघही मध्यावर पडते. मग पातं उलटून दुसरी रेघ ओढा. दोन रेघा एकमेकींवर पडल्या तर उत्तम. थोड्या सुटल्या तर त्यांच्या मधोमध खरी मध्यरेषा आहे. त्यापासून दोन्हीकडे अर्धा-अर्धा मि.मी. सोडून आणखी दोन रेघा आखा, आणि घासताना त्यांच्या आत जाऊ नका.

म्हणजे पाणी देताना धार १ मि.मी. जाड राहील. फार तर ०.८, त्याहून कमी नको. पातळ धार वाकते, तडकते आणि भट्टीत तिच्यातला कार्बनही जळतो. पूर्ण पोकळ घासणं पाणी दिल्यानंतरचं काम आहे. आधीच पोकळ करून वेळ वाचवायचा मोह मलाही झाला होता, आणि ते पातं धारेकडे लाटेसारखं झालं.

घासतानाही बाजू बदलत राहा. एका बाजूने सगळं उरकून मग दुसऱ्या बाजूला जायचं नाही. तीन हात इकडे, तीन हात तिकडे.

हातोड्याचा राग पोलादात राहतो

पातं घडवून केलेलं असेल, किंवा थंड असताना ठोकून सरळ केलेलं असेल, तर त्या ठोक्यांचा ताण आत साठून असतो. बाहेरून सरळ दिसणारं पातं ७०० अंशांवर गेलं की तो ताण मोकळा होतो आणि पातं त्याला हवं तिकडे वळतं. यावर उपाय म्हणजे नॉर्मलायझिंग, म्हणजे पातं तापवून हवेत निवू देणं, आणि तो टाळण्यासारखा नाही.

साध्या कार्बन पोलादासाठी मी तीन फेऱ्या करते. पहिली ८७० अंशांच्या जवळ, दुसरी ८२०, तिसरी ७६०. प्रत्येक फेरीनंतर पातं हवेत निवू द्यायचं, रंग पूर्ण जाऊन चुंबक पुन्हा चिकटेपर्यंत. ते लटकवून निववा. ऐरणीवर आडवं ठेवलं तर खालची बाजू आधी थंड होते आणि ताण काढता काढता नवा ताण भरला जातो. प्रत्येक फेरीनंतर पाठीवरून नजर टाका. वाकलेलं दिसलं तर ते शुभच समजा, कारण ताण इथे बाहेर पडला, तेलात नाही. पुन्हा लालभडक करून लाकडी हातोडीने लाकडाच्या ओंडक्यावर सरळ करा आणि फेरी पुन्हा घ्या.

ज्यांच्याकडे तापमान धरणारी विद्युत भट्टी आहे त्यांनी घासणं संपल्यावर, पाणी देण्याआधी, ६५० अंशांवर तासभर ठेवून भट्टीतच सावकाश निवू द्यावं. ग्राइंडरने भरलेला ताण त्यात जातो.

भट्टीत पातं कसं बसलंय

८०० अंशांवर पोलाद मऊ असतं. दोन विटांवर आडवं टेकवलेलं पातं स्वतःच्या वजनानेच मधे झोल खातं, आणि सांडशीने कडेला धरून उचललं की देठाजवळ मुरडतं. माझ्या ओळखीच्या एका कारागिराची सगळी पाती देठाजवळच वाकायची. दोष सांडशीचा निघाला, तिचे जबडे एकमेकांसमोर येत नव्हते.

अग्निविटेत खाच पाडून पातं पाठीवर उभं करा, धार वर. किंवा शेपटीला भोक पाडून तारेने लटकवा. गॅसच्या भट्टीत ज्वाला एका बाजूने लागते, म्हणून भट्टीत जाड लोखंडी नळी आडवी ठेवून पातं नळीच्या आत ठेवा. ज्वाला नळीला तापवते, नळी पात्याला सगळीकडून सारखं तापवते. उष्णतेचे निम्मे प्रश्न एवढ्याने सुटतात.

तापमान कळायला मीटर नसेल तर अंधार करून बघा. पातं तापत असताना एका क्षणी त्याच्या आत सावल्या फिरायला लागतात. धार उजळ होते, मधे गडद डाग राहतात, पाण्यात ढगाची सावली हलावी तसे ते सरकतात आणि पाठीकडे जाऊन विरतात. पोलादाची आतली रचना बदलत असताना ते उष्णता पिऊन घेतं, म्हणून तेवढा भाग गडद दिसतो. शेवटची सावली पाठीतून गेली की पातं एकसारख्या रंगाचं होतं. त्यानंतर थोडा वेळ तोच रंग धरा. चुंबक ७७० अंशांच्या आसपास सुटतं, त्याहून थोडंसंच वर जायचं आहे. पिवळट नारिंगी दिसेपर्यंत थांबलात तर कण मोठे होतात, पातं ठिसूळ होतं आणि वाकतंही जास्त. मला विचाराल तर या सगळ्या कामात बघायला इतकी सुंदर दुसरी गोष्ट नाही, आणि ती कळायला लागली की मीटरचं बोलणंही जास्त समजतं.

पोलाद कोणतं, हा प्रश्न इथेच येतो. फक्त ज्वालेची भट्टी असेल तर १०८४ या क्रमांकाचं कार्बन पोलाद घ्या, ते ८१५ च्या आसपास कमी वेळात तयार होतं आणि कोमट खाद्यतेलातही नीट कडक होतं. १०९५ ला फार वेगाने थंड करावं लागतं, साधारण सेकंदाच्या आत ५४० अंशांच्या खाली आणावं लागतं, आणि वेग वाढला की बाकही वाढतो. ओ१ हे मिश्र पोलाद सावकाश थंड करणाऱ्या तेलातही कडक होतं, त्यामुळे कमी वाकतं. पण त्याला ८०० अंशांवर दहा-पंधरा मिनिटं स्थिर धरावं लागतं, ते उघड्या ज्वालेत जमत नाही. विद्युत भट्टी हाताशी असेल तर वस्तऱ्यासाठी मी ओ१ ला पहिली पसंती देईन.

तेलात उतरताना

तेल ५० ते ६० अंशांवर कोमट करा. थंड तेल घट्ट असतं, पात्याभोवती नीट फिरत नाही. भांडं लोखंडी आणि खोल हवं, झाकण हाताशी हवं. तेल पेटलं तर झाकण, पाणी कधीच नाही.

टोक खाली करून पातं सरळ उभं, एका दमात आत. तिरकं गेलं तर एक बाजू क्षणभर आधी भिजते आणि तेवढा क्षण पुरतो. आत गेल्यावर पातं धार-पाठ, धार-पाठ या दिशेने हलवा, जणू तेल कापताय. चपट्या बाजूने वल्हं मारल्यासारखं हलवू नका, कारण मग पुढच्या बाजूला ताजं तेल लागतं आणि मागच्या बाजूला वाफेची पोकळी राहते. ही सवय सुटायला मला वेळ लागला. हात घाबरून आपोआप ढवळतो.

हातात असलेले काही सेकंद

आता सगळ्यात मोलाचा भाग. तेलात पातं साधारण २०० अंशांपर्यंत उतरतं तेव्हा ते अजून पूर्ण कडक झालेलं नसतं. मार्टेन्साइट नुकतं व्हायला लागलेलं असतं आणि उरलेलं पोलाद मऊ असतं. या वेळी ते हाताने वळतं. थंड झाल्यावर तेच पातं काचेसारखं तुटतं.

माझ्या भांड्यात साधारण दहा सेकंदांनी पातं बाहेर काढलं की त्यावरचं तेल धुमसतं पण पेटत नाही, तीच खूण. जाड चामडी हातमोजे आधीच घातलेले असतात, समोर खिडकीचा उजेड असतो. पाठ डोळ्याच्या रेषेत धरायची. बाक दिसला की दोन्ही हातांच्या अंगठ्यांनी फुगीर बाजूवर, पाठीजवळ, हलका सलग दाब द्यायचा. झटका नाही. पातं ओल्या वेताच्या काडीसारखं येतं, पुन्हा नजर, पुन्हा दाब. मग एका क्षणी ते अंगठ्यांना विरोध करायला लागतं. तिथे थांबा. राहिलेला बाक राहू द्या, त्याचा इलाज टेंपरमध्ये आहे. मी एकदा थांबले नाही. टिंग असा बारीक आवाज आला आणि धारेपासून पाठीपर्यंत केसासारखी रेघ उमटली. तो आवाज अजून कानात आहे.

चाकूवाले या वेळी पातं दोन जाड ॲल्युमिनियमच्या प्लेटांमध्ये दाबतात. वस्तऱ्याला त्याचा अर्धाच उपयोग. पाठ जाड आणि धार पातळ असल्यामुळे प्लेटा फक्त पाठीला धरतात, धार मोकळीच राहते.

पातं हाताला सोसेल इतकं निवलं की कानस फिरवून बघा. ती न चावता घसरली तर पोलाद कडक झालं. मग लगेच टेंपरला घाला, उद्यावर टाकू नका.

टेंपरमध्ये बाक काढणं

पहिलं टेंपर २०० अंशांवर दोन तास, काहीही न बांधता. रंग फिका गवती येतो. यात ठिसूळपणा थोडा कमी होतो आणि पुढच्या दाबाला पातं तयार होतं.

मग मोजा. पातं जाड काचेवर अंतर्वक्र बाजू खाली करून ठेवा आणि मधल्या फटीत फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्या) सारा. समजा ०.५ मि.मी. फट निघाली. आता एक जाड, सरळ लोखंडी पट्टी घ्या. तिच्यावर पातं तसंच, फुगीर बाजू वर करून ठेवा. पाठीच्या दोन्ही टोकांखाली तांब्याच्या पत्र्याचे सारख्या जाडीचे तुकडे सरकवा आणि मधे क्लॅम्प लावून पाठ खाली दाबा, सरळ रेषेच्याही पलीकडे, उलट्या बाजूला साधारण तेवढंच, म्हणजे ०.५. धारेवर क्लॅम्पचा जबडा येता कामा नये. क्लॅम्पला प्लास्टिकचा भाग नको. हे सगळं २०० अंशांवर दोन तास ठेवा आणि क्लॅम्पमध्येच निवू द्या.

सोडल्यावर पातं थोडं परत येईल. पुन्हा मोजा, तुकडे थोडे जाड घ्या, पुन्हा दोन तास. माझा ०.५ चा बाक तिसऱ्या फेरीत ०.०५ च्या खाली गेला. घाई होऊन तापमान वाढवू नका. २२० च्या पुढे गेलात तर सरळ होईल, पण कडकपणा उतरेल. वस्तऱ्याला ६० ते ६२ रॉकवेल (कडकपणाचं माप) हवं, त्याशिवाय बारीक धार टिकत नाही.

याने न गेलेला बाक कार्बाइड टोकाच्या हातोडीने काढता येतो. अंतर्वक्र बाजू वर ठेवून, पाठीजवळ, बारीक बारीक ठोके. प्रत्येक ठोक्याने तिथला पृष्ठभाग कणभर पसरतो आणि पातं उघडत जातं. ठोक्यांचे खड्डे नंतर घासून काढावे लागतात, म्हणून जाडी शिल्लक असतानाच हे करा, आणि धारेच्या अंगाला अजिबात जाऊ नका. मी हा उपाय शेवटचा ठेवते.

सरळ झालेलं पातं ग्राइंडरवर पुन्हा वाकतं

इथे खूप जण फसतात. पातं टेंपरमधून सरळ आलं, पोकळ घासल्यावर वाकलं. कारण उष्णता. बेल्ट बोथट असला किंवा एका जागी हात रेंगाळला तर घासलेल्या बाजूचा वरचा थर तापून फुगू बघतो, खालचा थंड थर त्याला फुगू देत नाही, आणि निवताना तो आकसून पात्याला आपल्याकडे ओढतो. त्या बाजूला पातं अंतर्वक्र होतं. गवती, तपकिरी किंवा निळा रंग उमटला तर तिथला कडकपणाही गेला.

हातमोजे काढून घासा. बोटांना चटका बसायच्या आत पाण्यात बुडवा. ताजा बेल्ट, दोन्ही बाजूंना आळीपाळीने तेवढेच हात, आणि प्रत्येक ग्रिट बदलताना काचेवर तपासणी. धार ०.३ च्या खाली आली की प्रत्येक हातानंतर पाणी.

आधीच वाकलेले, पूर्ण झालेले वस्तरे

बाक ०.१ च्या आत असेल तर अरुंद दगड वापरा, २५ मि.मी. रुंदीचा. पूर्ण रुंदीच्या दगडावर पातं दोन टोकांवर पुलासारखं टेकतं, अरुंद दगड मधल्या खळग्यात उतरतो. हात तिरका, टाचेकडून टोकाकडे ओढत न्यायचा, वजन वाटेत हळूहळू सरकवायचं. शेफील्ड आणि झोलिंगेनचे जुने वस्तरे हाताळलेत तर त्यातही बाकदार पाती सापडतील, आणि ती अशाच पद्धतीने सुंदर चालतात.

बाक त्याहून मोठा असेल तर पातळ झालेल्या पात्याला पुन्हा पाणी देण्याच्या भानगडीत पडू नका. धार भट्टीत जळेल. त्यापेक्षा पात्याची रुंदी कमी करा. माझं तिसरं पातं मी २० वरून १७ मि.मी. वर आणलं. धारेकडचं पातळ पोलाद गेलं, उरलेल्या जाड भागाला क्लॅम्पमध्ये सरळ करता आलं. मात्र रुंदी घटली की कोन वाढतो. ५.५ ची पाठ तशीच ठेवली असती तर तो साडेअठरा अंशांच्या जवळ गेला असता, म्हणून पाठही दोन्ही बाजूंनी सारखी घासून ४.७ वर आणली आणि कोन पुन्हा १६ वर बसवला. मार्कर लावून दगडावर एक हात फिरवला, तेव्हा टाचेपासून टोकापर्यंत शाईची एक सलग रेघ गेली. दुसऱ्या बाजूलाही तशीच.